लिस्बनमध्ये एकच दिवस: चढायचं लिफ्टने, उतरायचं रुळांच्या कडेने

मागच्या अंकात लिस्बनच्या पावावर चार ओळी लिहिल्या आणि त्या शहराबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली. मी तिथे सहा वर्षं राहिले, ग्रासाच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, सप्टेंबरात मुलीकडून परतताना लिस्बनला दोन रात्री मुक्काम आहे, पण मोकळा दिवस एकच. मी 66 वर्षांचा, पत्नी 63. माझे गुडघे दुखतात. पत्नी शाकाहारी आहे, केक-बिस्किटातलं अंडं तिला चालतं. इंटरनेटवर बघून यादी केली ती अठरा ठिकाणांची झाली. दिवस कसा आखावा? (एक वाचक, सातारा)

अठरापैकी चौदा आज रात्रीच खोडून टाका. जीवावर येईल, पण टाका. त्या शहरात बसायला वेळ ठेवावा लागतो, आणि धावपळ करणाऱ्यांच्या हाती फक्त फोटो लागतात. सकाळ नदीकाठच्या बेलें भागाला द्या, दुपारनंतर जुनी टेकडी पाहा, मधे दीड तास जेवायला ठेवा आणि संध्याकाळी बोटीत बसा. दिवस सोमवार नसेल एवढं मात्र बघा. त्या दिवशी मठ आणि बरीचशी संग्रहालयं बंद असतात.

सकाळी काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल धरा. पंधरा नंबरची ट्रामही बेलेंला जाते, पण तिच्यात बरेचदा उभं राहायलाही जागा नसते. लोकलमध्ये मात्र नदीच्या बाजूची खिडकी मिळू शकते. स्टेशनवरच्या यंत्रातून अर्ध्या युरोला कोरं कार्ड मिळतं. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, ट्राम, बस, लोकल आणि बोट सगळीकडे तेच चालतं. माणशी एक कार्ड घ्या, दोघांत एक चालत नाही.

जेरोनिमुश मठासमोर दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. गर्दी फार असेल आणि एकच काहीतरी निवडायची वेळ आली, तर आतला चौक निवडा. त्या चौकाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांसारखं दगडाचं काम मी युरोपात दुसरीकडे पाहिलं नाही. राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या आरंभी हे बांधकाम काढलं आणि ते पुरं व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. खांबांवर पाहा: जहाजाचे दोर, दोरांच्या गाठी, समुद्रातली झाडं, दिशा शोधायचे गोल. सगळं चुनखडीच्या दगडात. खर्च कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचा वाटा त्या दोरांच्या गाठींत आहे. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला तिथला दगड मधाच्या रंगाचा होतो. मी कितीतरी वेळा फक्त तेवढ्यासाठी गेले आहे.

मठाच्या शेजारीच 1837 पासून चालत आलेलं पास्तेइश द बेलें हे मिठाईचं दुकान आहे. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद करण्यात आले आणि मठातली पाककृती अशी बाहेर आली. मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्यातलं पांढरं वापरत आणि उरलेल्या बलकाची मिठाई करत, असं तिथे सांगतात. म्हणूनच पोर्तुगीज मिठाई इतकी पिवळी! फुटपाथवरची लांब रांग पाहून माघारी फिरू नका, ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांची दालनामागून दालनं आहेत, तिथे बसा. पास्तेल, म्हणजे तिथली कस्टर्ड भरलेली छोटी वाटी, गरम असतानाच त्यावर दालचिनी भुरभुरवा. कडेचे पापुद्रे कुडकुडीत आणि मधलं कस्टर्ड हलतं असलं पाहिजे. माणशी दोन मागवा, एकाने भागत नाही. सोबत 'बीका' मागा, म्हणजे लिस्बनची इवल्याशा कपातली कडक कॉफी. दुधाची हवी असेल तर 'गालांव' म्हणा, ती उंच ग्लासात येते.

गुडघे साथ देत असतील तर किलोमीटरभर पुढे नदीत उभा असलेला बेलेंचा बुरूज बाहेरून पाहून या. त्याच्या एका लहान बुरुजीच्या तळाशी दगडात कोरलेला गेंडा आहे. वाऱ्यापावसाने इतका झिजलाय की शोधावा लागतो. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने तो गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला. अल्बुकर्कने तो राजाकडे धाडला आणि मे 1515 मध्ये तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपाने गेंडा पाहिला नव्हता. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने तो न पाहताच, नुसत्या वर्णनावरून, त्याचं प्रसिद्ध चित्र काढलं. पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. त्या झिजलेल्या दगडाकडे पाहताना मला दर वेळी त्या मुक्या जनावराचा प्रवास आठवतो.

आता जेवण. लोकलने परत या आणि एकच्या ठोक्याला ताश्का शोधा. ताश्का म्हणजे आपल्याकडची साधी खाणावळ: सहा-आठ टेबलं, कागदाचे टेबलक्लॉथ, दारावर हाताने लिहिलेला 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचं ताट. बाहेर माणूस उभा राहून फोटोंचं मेनूकार्ड दाखवत बोलावत असेल तर पुढे चला. बसल्या बसल्या समोर पाव, ऑलिव्ह, चीज येईल. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हसून परत करा, कुणाला राग येत नाही.

तुम्ही मासे खात असाल तर भाजलेला मासा मागा, नाहीतर 'बाकाल्यांव', म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. तो लिस्बनच्या समुद्रात मिळत नाही, दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातून येतो, तरी घराघरात शिजतो. वहिनींसाठी 'पेइशिन्युश दा ओर्ता' मागवा. नावाचा अर्थ 'मळ्यातले छोटे मासे', पण त्यात मासा नसतो. त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा असतात. पिठात बहुधा अंडं असतं, ते चालतंय का हे त्यांना आधी विचारा. सोबत 'सोपा द लेगुम्श', भाज्यांचं दाट सूप. मागवताना 'तेंय कार्न?' एवढं विचारायचं, म्हणजे यात मांस आहे का.

'काल्दु व्हेर्द' नावाचं हिरवं सूप दिसलं तर त्यातली सॉसेजची चकती काढायला सांगून भागत नाही, कधी कधी ती सुपातच उकळलेली असते. तरी त्याच्याकडे लक्ष वेधते, कारण त्यात असतात 'बटाटा' आणि 'कोव्ह', म्हणजे आपला कोबी, आणि सोबत 'पांव'. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत एका बाईने 'पांव' मागितला आणि मी चमकून मागे पाहिलं. मग त्यांच्याकडून मराठीत आलेले शब्द सापडतच गेले: बादली, घमेलं, परात, काजू, अननस, लिलाव, नाताळ. बिल द्यायच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा माणूस 'पगार' म्हणाला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे देणं. आपली 'चावी' तर आजच्या लिस्बनच्या उच्चारापेक्षा जुनी आहे. तिथे आता 'शाव्ह' म्हणतात, पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी तिथेही 'च' होता. त्यांनी सोडलेला 'च' आपल्या स्वयंपाकघरात टिकला. दुपारच्या जेवणाला कान उघडे ठेवून बसा, एवढंच माझं मागणं.

दुपारी टेकडी. इथे गुडघ्यांचं ऐका. चढण टाळायची सोय आहे: प्रासा दा फिगेइरा चौकातून 737 नंबरची लहान बस थेट किल्ल्याच्या दाराशी नेते. दुसरी वाट म्हणजे टेकडीखालच्या बायशा भागातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरची सार्वजनिक लिफ्ट. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून छोटा चौक ओलांडला की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही फुकट आहेत आणि शेजारपाजारच्या आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन त्यांनीच जातात.

किल्ल्याच्या आत गेलात नाहीत तरी चालेल. 1147 मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एनरिकेशने तो मूरांकडून घेतला हे ठाऊक असलं की पुरे. त्यापेक्षा सांता लुझियाच्या गच्चीवर बसा. बोगनवेलीचा मांडव, खाली आल्फामा या जुन्या वस्तीची कौलं, पलीकडे तेजू नदी इतकी रुंद की समुद्रच वाटावा. चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, नदीकाठच्या राजवाड्याच्या चौकाचं. ते नीट पाहून ठेवा, संध्याकाळी लागणार आहे.

आता उतरायचं. गुडघेदुखीला चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणं जास्त त्रासदायक, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आल्फामाच्या सुंदर जिन्यांच्या मोहात पडू नका. ट्रामच्या रुळांच्या कडेने चाला, उतार बेताचा आहे आणि वाटेत से कॅथेड्रल लागतं. फुटपाथवरचे पांढरे-काळे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, शिंतोडा पडला तरी घसरतात. रबरी तळव्याचे बूट हवेतच.

संध्याकाळी नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियु चौकात या आणि ते निळं चित्र आठवा. तो राजवाडा आता तिथे नाही. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप झाला, मग नदीतून लाटा आल्या, मग आग लागली, ती कित्येक दिवस विझली नाही. मागचे सरळ रेषेत आखलेले रस्ते त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली बांधले गेले. तिथल्या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घातलाय, जमीन हलली तर घर डोलावं पण कोसळू नये म्हणून. जुने लोक आजही त्या चौकाला 'तेरेइरु दु पासु', म्हणजे राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. राजवाडा जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी!

आणि शेवटी बोट. काइश दु सोद्रेहून पलीकडच्या काठावरच्या कासील्याशला जाणारी, कामावरून घरी परतणाऱ्यांची साधी फेरी. साधारण दहा मिनिटं लागतात. त्याच कार्डावर जाता येतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची पकडा. मागे वळून पाहिलंत की दिवसभर चाललात ते सगळं शहर एका नजरेत येतं: टेकडीवर किल्ला, उतारावर आल्फामा, नदीलगत तो चौक. सहा वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिकडे नेलं.

लिस्बनची अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम चुकवू नका असं सगळे सांगतात. खरंच तेवढी भारी आहे का? (एक वाचक, ठाणे)

भारी आहे, पण भलत्या वेळी बसलात तर काही दिसत नाही. रस्ते इतके अरुंद आणि चढ-वळणांचे आहेत की तिथे 1930च्या दशकातले लहान डबेच चालतात. मार्टीं मोनीशला तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला, सकाळी लवकर बसा, म्हणजे खिडकी मिळेल. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. माझं पाकीट याच ट्रामने ग्रासाला परत येताना गेलं. ज्या मुलीने मला हात धरून चढायला मदत केली तिच्याच हातून ते गेलं असावं, असं आजही वाटतं. कागदपत्रांची मूळ प्रत हॉटेलवर ठेवा.

आम्ही जैन आहोत. अंडंही चालत नाही, कांदा-बटाटाही नाही. लिस्बनमध्ये उपाशी राहावं लागेल का? (एक वाचक, बारामती)

उपाशी राहणार नाही, पण ताश्कावर विसंबू नका. बटाटा आणि कांदा तिथल्या जवळजवळ प्रत्येक सुपाचा पाया आहे, आणि 'थोडासाच आहे' असं प्रेमाने सांगून तेच सूप पुढे ठेवतील. पास्तेलही तुमच्यासाठी नाही.

तुमचा आधार बाजार. मक्याचा पाव 'ब्रोआ', ऑलिव्ह, टोमॅटो, ऋतूप्रमाणे चेरी, अंजीर, संत्री. पाव घेताना त्यात काय घातलंय हे बेकरीत विचारा. शरद ऋतूत रस्त्यावर कोळशावर भाजलेली 'काश्तान्याश', म्हणजे चेस्टनट, कागदाच्या पुडीत मिळतात. त्यांचा निळसर धूर सगळ्या चौकात पसरतो. हातगाडी दिसली की थांबा.

चीजबद्दल एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. युरोपातली पुष्कळ चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणून अनेक जैन मंडळी ती टाळतात. पण पोर्तुगालच्या सेर्रा दा एश्त्रेला आणि आझेइतांव या मेंढीच्या दुधाच्या चीजना एका रानटी काटेरी झाडाच्या फुलाचं विरजण लागतं. तिथे त्या झाडाला 'कार्दु' म्हणतात. दुकानात 'कार्दु?' एवढं विचारा, खात्री करून मगच घ्या. आझेइतांवची वाटीएवढी चकती मिळते. वरचं कवच टोपीसारखं कापायचं आणि चमच्याने खायचं.

आणि हो, कोथिंबीर. 'कोएंत्रुश' म्हणतात. युरोपात एवढ्या मायेने कोथिंबीर घालणारा दुसरा देश मला भेटला नाही. मंडईत जुडी नाकाशी धरलीत की थोडं घर भेटेल.

माझे आजोबा 1955च्या गोवा सत्याग्रहात होते. लिस्बनला जायचा योग आला आहे, पण वास्को द गामाच्या थडग्यापुढे उभं राहायला मन घेत नाही. तिथे न जाता शहर पाहता येईल का? (एक वाचक, फोंडा)

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. जाता येईल, आणि मन घेत नसेल तर जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये, जिथे ते थडगं आहे, पाऊल टाकू नका. पर्यटकाने सगळं पाहिलंच पाहिजे असा नियम नाही. मी त्या थडग्यापुढे उभी राहिले आहे. 1497च्या जुलैत बेलेंच्या किनाऱ्यावरून निघालेला हा माणूस 1524 मध्ये कोचीनला वारला. त्याची दगडी मूर्ती हात जोडून निजलेली आहे. मला तिथे ना भक्ती वाटली ना संताप, एक जडपणा मात्र वाटला, आणि तो ट्रामपर्यंत सोबत आला.

तुमच्यासाठी मी दुसरी वाट सांगते. से कॅथेड्रलच्या अगदी जवळ, अठ्ठावीसच्या रुळांवरच, आल्जुब नावाची इमारत आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तिथे राजकीय कैद्यांना ठेवत. 25 एप्रिल 2015 पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. कैद्यांच्या कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरता येत नाहीत. ज्या सत्तेने तुमच्या आजोबांवर लाठ्या-गोळ्या चालवल्या, तिनेच आपल्या माणसांना या कोठड्यांत कोंडलं होतं. हे मला त्या कोठडीपुढे उभं राहिल्यावर नीट कळलं, तोवर पुस्तकातलं वाक्य होतं.

तिथून वर शियादूला जा. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने टेकडी चढून देतात. कार्मुचा चौक तिथून जवळ आहे. भूकंपात छप्पर गेलेल्या मठाच्या नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाहीविरुद्ध लष्कराने उठाव केला तेव्हा याच चौकातल्या रिपब्लिकन गार्ड या निमलष्करी दलाच्या मुख्यालयात पंतप्रधान कायतानू अडकून बसले होते. चौकात सैनिक आणि माणसांची गर्दी, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळी त्यांनी सत्ता सोडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. म्हणजे गोव्याच्या गोष्टीतलं एक पान त्या चौकात लिहिलं गेलं.

आणि वेळ उरला तर काश्काइशची लोकल धरा, सगळीकडे थांबणारी. बेलेंच्या पुढचं तिसरं स्टेशन काशियश. तिथल्या किल्ल्यात मोहन रानडे कैदेत होते. सांगलीचे, मराठी शिकवायला गोव्यात गेलेले शिक्षक. 1955 मध्ये पकडले गेले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत, जानेवारी 1969 मध्ये सुटले. आपण इकडे स्वतंत्र गोव्यात सात वर्षं फिरत होतो तेव्हा ते तिथे होते. तो किल्ला आजही तुरुंग आहे, आत जाता येत नाही आणि पाहण्यासारखं बाहेर काही नाही. मी दरवर्षी 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, त्या स्टेशनवर उतरायचे, फलाटावरच्या बाकावर पुढची गाडी येईपर्यंत बसायचे आणि परत यायचे. डावीकडे नदी समुद्राला मिळत असते. आजोबांचा एखादा फोटो असेल तर सोबत न्या.